प्रकल्पाला पहिला नंबर, प्रश्नाला शून्य

यंदा गणपती झाल्यावर मोठ्या ताईच्या मुलीचा मेसेज आला. "मामा, प्रोजेक्ट बघ ना एकदा. उद्या सबमिट करायचाय." सोबत पीडीएफ. भाची नववीत आहे, सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या एका शाळेत. विषय : 'स्त्री भ्रूणहत्या : समाजाला लागलेला कलंक'. प्रस्तावना, कारणे, दुष्परिणाम, उपाय, घोषवाक्ये, समारोप. बारा पानं, शुद्धलेखनाची एक चूक नाही.

मी फोन केला. "किती वेळ लागला गं?"

"लिहायला चार मिनिटं. बॉर्डर काढायला दोन तास."

लिहिलं होतं चॅटजीपीटीने. भाचीने पानांना स्केचपेनने वेलबुट्टी काढून फोटो काढले होते. मी तिला रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तो प्रकल्प मी ओळखला होता. २०११ साली सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीत असताना मी हाच केला होता. तीच कारणं, तेच उपाय, जवळजवळ तीच वाक्यं. फरक एवढाच की मी ती गाईडमधून उतरवली होती आणि चित्रं स्टेशनरीच्या दुकानातल्या तक्त्यातून कापून चिकटवली होती. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मला पहिला नंबर मिळाला. स्टीलचा डबा आणि प्रमाणपत्र.

त्या वर्षी आमच्या वर्गात, मुलींच्या रांगेत तिसऱ्या बाकावर, नकुशा नावाची मुलगी बसायची.

तक्त्याचं दुसरं टोक

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नकुशा म्हणजे नकोशी. एकापाठोपाठ एक मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं नाव नकुशा ठेवायचं. मग देवाला कळतं की मुली पुरे झाल्या, आणि पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. रीतसर बारसं करून, पाळण्यात घालून ठेवलेलं नाव. घरच्यांच्या लेखी ती शिवी नव्हती, नवसाचाच एक प्रकार होता. फक्त तो नवस त्या मुलीने जन्मभर वागवायचा होता, हजेरीपटावर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेत.

जिल्ह्याच्या आरोग्य विभागाने अशा मुलींचा शोध घेतला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात कार्यक्रम घेऊन २८५ मुलींना नवी नावं दिली. कुणी देवीचं नाव निवडलं, कुणी सिनेमातल्या नटीचं. बातमी परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत गेली.

आमच्या वर्गातल्या मुलीलाही नवं नाव मिळालं. पण हजेरी घेताना सर सवयीने जुनंच नाव घ्यायचे, मग जीभ चावून नवं घ्यायचे, आणि वर्ग हसायचा. मीही हसायचो.

माझा तक्ता वर्गात दाखवायचा होता तेव्हा सरांनी मुलींपैकी नेमकं तिलाच पुढे बोलावलं. एक टोक मी धरलं, एक तिने. मी घडाघडा वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. तिला कुणी काही विचारलं नाही. नाव कुणी ठेवलं, तिच्या पाठीवर भाऊ झाला का, नवं नाव तिला आवडतं का, की जुन्या नावाची सवय झाली होती. ज्या विषयावर मी बारा पानं लिहिली होती तो विषय माझ्यापासून तक्त्याच्या लांबीएवढ्या अंतरावर उभा होता. माझ्या प्रकल्पात ती नव्हती. गाईडमध्ये नव्हती, म्हणून माझ्यातही नव्हती.

आणखी एक गोष्ट. मला तीन थोरल्या बहिणी आहेत. त्यांतली धाकटी १९९१ ची, मी १९९७ चा. माझ्या बारशाला गावजेवण होतं, हे लहानपणापासून कौतुकाने ऐकत आलोय. गणितात मी वर्गात पहिला असायचो. पण १९९७ वजा १९९१ ही वजाबाकी मला त्या चौदाव्या वर्षी सुचली नाही. तीन मुलींनंतर सहा वर्षांनी झालेला मुलगा 'मुलगी वाचवा'वर बक्षीस घेऊन घरी आला, आणि आईने तो डबा फळीवर ठेवला.

यंत्राने कॉपी केली नाही, आपण तसंच मागितलं

हल्ली शिक्षकांची तक्रार असते की मुलं प्रकल्प एआयकडून लिहून घेतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, ही यंत्रं रोज वापरतो, म्हणून स्पष्ट सांगतो : जो प्रकल्प यंत्राला चार मिनिटांत जमतो, तो द्यायलाच नको होता. आपण मुलांकडून मागतो काय? सगळ्यांना आधीच मान्य असलेलं उत्तर, सहा ठरलेल्या मथळ्यांखाली, सुवाच्य अक्षरात. चॅटजीपीटी या परीक्षेतला आदर्श विद्यार्थी आहे. त्याला घर नाही, आजी नाही, भावकी नाही. त्यामुळे त्याला कुठेच अडचण येत नाही.

आमच्या शाळेच्या भिंतीवर मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं रंगवलेली होती. राज्याच्या यादीत वैज्ञानिक दृष्टिकोन आहे, स्त्री-पुरुष समानता आहे, सर्वधर्मसहिष्णुता आहे, आणि नीटनेटकेपणाही आहे. आमच्या प्रकल्पांना मार्क पडायचे ते शेवटच्या मूल्याचे. बाकी नऊ भिंतीवरच राहिली.

नैतिक किंवा धार्मिक विषयावरचा प्रकल्प करणाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत येत नसेल, तर तो संशोधन नाही, दुसऱ्याला केलेला उपदेश आहे. आणि चौदाव्या वर्षी उपदेशाची सवय लागलेली मुलं मोठी झाली की काय करतात ते आपण फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी बघतो.

शीर्षकातच घोटाळा

भाचीच्या प्रकल्पाचं शीर्षकच घ्या. 'भ्रूणहत्या'. मी तिला विचारलं, "गर्भपात करणं गुन्हा आहे का?" ती म्हणाली, "हो ना, महापाप." बारा पानांनी तिला एवढंच शिकवलं होतं, आणि तेही चूक.

भारतात कायद्यात बसणारा गर्भपात १९७१ च्या कायद्यापासून करता येतो. गुन्हा आहे तो गर्भाचं लिंग तपासण्याचा आणि त्यावरून निवड करण्याचा. त्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'हत्या' हा शब्द वापरून आपण त्या एक करून टाकतो आणि बाईलाच आरोपी करतो. उद्या त्याच वर्गातल्या एखाद्या मुलीवर काही प्रसंग आला, तर दवाखान्यात जाण्याआधी तिला भिंतीवरचा तक्ता आठवेल. म्हणून या क्षेत्रात काम करणारे अनेक जण 'गर्भलिंगनिवड' म्हणतात. संशोधनाचं पहिलं काम असतं शीर्षकातला शब्द तपासणं. आपल्याकडे शीर्षक सर फळ्यावर लिहून देतात.

आता आकडे. निसर्गतः १००० मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत १००० मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. सांगली जिल्ह्यात २००१ मध्ये ८५१ होत्या. ऊस, द्राक्षं, साखर कारखाने, शिक्षण संस्था, सगळं असलेला जिल्हा. म्हणजे गाईडमधलं 'गरिबी व अज्ञान' हे पहिलं कारण इथे लागू पडत नाही. सोनोग्राफीला पैसे लागतात, ओळख लागते, गाडी लागते. हा प्रश्न शिकलेल्या, कमावत्या घरांचाही आहे. तक्त्यावरचं चित्र मात्र अजून नऊवारीतल्या रडणाऱ्या बाईचं असतं.

आणि म्हैसाळ. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये एका तरुण विवाहितेचा गर्भपातात मृत्यू झाला. पोलीस तपास करत गेले तेव्हा ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. देशभर बातमी झाली. माझी भाची त्याच तालुक्यात राहते. तिच्या बारा पानांत म्हैसाळ नाही. हरियाणा आहे.

'पण शाळेत हे कसं चालेल?'

हे लिहिलं की मित्र तीन आक्षेप घेतात. त्यातले दोन शिक्षक आहेत, म्हणून गंभीरपणे घेतो.

पहिला आक्षेप : शाळेत धर्माचा विषय काढता येत नाही. खरं म्हणजे येतो. राज्यघटनेचं कलम २८ सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई करतं, आणि अनुदानित शाळेत संमतीशिवाय त्याची सक्ती करता येत नाही. पण धर्माचं शिक्षण देणं वेगळं आणि धर्मांविषयी अभ्यास करणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या खटल्यात मान्य केला आहे. 'मुलानेच अग्नी द्यावा' असं शिकवणं आणि 'मुलानेच अग्नी द्यावा असं लोक का मानतात' हे विचारणं यात तोच फरक आहे. गंमत अशी की पहिली गोष्ट शाळेत सहज चालते. सत्यनारायण होतो, कुणी हरकत घेत नाही. दुसरी गोष्ट काढली की 'नको ते वाद' म्हणतात.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. त्यांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला तेव्हा मी अकरावीत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीच काही बोललं नाही. पालक संस्थाचालकांकडे जातात, कुणीतरी व्हिडिओ काढतो, शिक्षकाची बदली होते. एकट्या शिक्षकाने शूर व्हावं असं मी म्हणत नाही. पण म्हणूनच प्रश्न छोटा, मोजता येणारा, गल्लीतला हवा. 'धर्म स्त्रियांवर अन्याय करतो का?' या प्रश्नावर भांडण होतं. 'आपल्या आळीत गेल्या पाच वर्षांत कुणाच्या चितेला मुलीने अग्नी दिला?' यावर लोक आठवायला लागतात.

तिसरा आक्षेप : मुलांना घरची दुखणी उकरायला लावणं क्रूर आहे. हा आक्षेप खरा आहे. आमच्या सरांनी तिला तक्ता धरायला लावलं, तेही याच जातीचं होतं. पण यावर उपाय विषय टाळणं हा नाही. उपाय म्हणजे विचारायची पद्धत शिकवणं. ती पद्धत हाच तर प्रकल्पाचा खरा अभ्यासक्रम आहे.

मग करायचा कसा?

तुम्ही नववी-दहावीत असाल, किंवा घरात कुणी असेल, तर हे सहा आठवड्यांचं काम आहे. रोज अर्धा तास पुरतो.

पहिला आठवडा फक्त प्रश्नाला द्या. कसोटी एकच : उत्तर तुम्हाला आत्ता माहीत नसलं पाहिजे. माहीत असेल तर प्रश्न बदला. 'अंधश्रद्धा वाईट आहे का' हा प्रश्न नाही. वाईजवळच्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला चेंगराचेंगरी आणि आगीत जवळपास ३०० माणसं गेली. त्यावर 'अंधश्रद्धेचे बळी' असा तक्ता दहा मिनिटांत होतो. पण पायऱ्या कशाने निसरड्या झाल्या होत्या? नारळाच्या पाण्याने. वाट अरुंद का होती? दुकानांनी. मग आज आपल्या गावच्या जत्रेत नारळ कुठे फुटतात, दुकानं कुठे लागतात, बाहेर पडायच्या वाटा किती? हा नैतिक प्रश्न आहे, आणि टेप घेऊन मोजता येतो. भाविकालाही तो आपला वाटतो.

दुसऱ्या आठवड्यात आधी काय माहीत आहे ते वाचा : जनगणना, कायदा, जुनी वर्तमानपत्रं. इथे यंत्राची मदत जरूर घ्या, पण प्रत्येक आकडा मूळ जागी जाऊन तपासा. ही यंत्रं नसलेला आकडाही आत्मविश्वासाने सांगतात, हे मी पगार घेऊन रोज बघतो.

तिसरा आणि चौथा आठवडा माणसांचा. निदान आठ-दहा जणांना भेटा, आणि त्यात तुमच्याशी न पटणारी तीन तरी हवीत. आजी, भटजी, मौलवी, कीर्तनकार, आशाताई. विचारण्याआधी सांगा की हे कशासाठी आहे, नाव लिहिणार नाही, आणि उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. कुणी गप्प बसलं तर 'गप्प बसले' एवढंच लिहा. कुणाच्या गर्भपाताबद्दल, आजाराबद्दल, कर्जाबद्दल थेट विचारायचं नाही. वर्गातल्या कुणाला नमुना करायचं नाही. जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत, त्याच दिवशी वहीत.

पाचव्या आठवड्यात मांडणी. तुमच्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट सापडली असेल तर ती पहिल्या पानावर घ्या. कामावर आम्ही एखादा बग शोधतो तेव्हा लॉग वाचायच्या आधीच दोषी ठरवणारा माणूस टीमला महागात पडतो. इथेही तेच. सहाव्या आठवड्यात ज्यांना भेटलात त्यांना वाचून दाखवा, आणि शेवटच्या पानावर 'उपाय'ऐवजी लिहा : मला काय कळलं नाही, आणि माझं काय मत बदललं. बॉर्डर काढू नका.

शिक्षकांना विनंती एवढीच, की मार्क या शेवटच्या पानाला द्या.

हे आपल्याकडे आधीच झालंय

कुणाला वाटेल ही परदेशी शाळांची नक्कल आहे. १८५५ मध्ये मुक्ता साळवे नावाच्या, फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या १४ वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिने घरापासून सुरुवात केली आणि थेट धर्मालाच विचारलं की त्यात आम्हाला जागा आहे का. कुठलंही गाईड नव्हतं. तिला शिकवणाऱ्या सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांच्याच जयंतीला मला गाईडमधून उतरवल्याबद्दल डबा मिळाला.

साताऱ्याच्या ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव दाखल झालं, तिच्या रजिस्टरातली 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद आपण अभिमानाने दाखवतो. राज्यभर तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, भाषणं होतात. एका रजिस्टरातलं एक नाव किती सांगू शकतं हे आपल्याला कळतं. मग आमच्या हजेरीपटावर 'नकुशा' हे नाव वर्षानुवर्षं रोज मोठ्याने वाचलं गेलं, तेव्हा शाळेत कुणालाच प्रश्न का पडला नाही? तो आरोग्य विभागाला पडला. यादी आमच्याकडे होती.

दिवाळीत

भाचीने बारा पानांचा प्रकल्प दुसऱ्या दिवशी दिला. पैकीच्या पैकी मार्क पडले. मग दिवाळीच्या सुट्टीत तिने दुसरा केला, कुणीही न मागितलेला. प्रश्न अग्नीचा. तिच्या आळीत आणि मागच्या गल्लीत, गेल्या पाच वर्षांत वारलेल्या, मुलगा नसलेल्या माणसांची नऊ घरं तिला सापडली. सात ठिकाणी पुतण्याने किंवा जावयाने अग्नी दिला होता. दोन ठिकाणी मुलीने. त्या दोन्ही वेळा कोरोनातल्या होत्या, दुसरं कुणी यायलाच तयार नव्हतं.

भटजीकाका तिला म्हणाले, "मला विचारलं तर मी नाही म्हणत नाही. मला विचारतच नाहीत."

तिने शेवटच्या पानावर लिहिलंय : 'मला वाटत होतं की धर्म आडवा येतो. आता वाटतं की पुतण्या आडवा येतो. पण मला नक्की माहीत नाही.' तीन वाक्यं. माझ्या आणि यंत्राच्या मिळून चोवीस पानांत एवढं नव्हतं.

भाऊबीजेला तिन्ही ताया घरी होत्या. संध्याकाळी त्या बाहेर अंगणात बसल्या असताना मी स्वयंपाकघरात आईला ती वजाबाकी विचारली. १९९७ वजा १९९१. आधी सांगितलं की नको असेल तर सांगू नकोस.

आई मेथी निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "आत्ता इचारतोस व्हय रं? बक्षीस घिऊन आलतास तवा इचारायचं हुतंस."

मग तिने सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. मी परवानगी मागितली होती, ती नको म्हणाली.